रामटेकच्या टेकडीवर कोण कोण राहतं

त्रिपुरी पौर्णिमा जवळ आली की आमच्या ग्रुपवर रामटेकचे फोटो सुरू होतात आणि फोटोंच्या मागोमाग तोच वाद येतो, की रामटेक मुळात कोणाचं? कोणी म्हणतं रामाचं, विषयच संपला. कोणी नागार्जुन टेकडी टाकतं आणि म्हणतं आधी इथे बौद्ध होते, बाकी सगळं नंतर. मग जैन तीर्थंकर शांतिनाथाच्या मूर्तीचा फोटो येतो, मग कोणीतरी महानुभाव पंथाचं भोगराम देऊळ आठवून देतं, आणि रात्री अकरापर्यंत सगळे एकमेकांना फॉरवर्ड पाठवून राहिलेले असतात. माझं आजोळ तिकडचं, त्यामुळे मला या वादात गप्प बसवत नाही, पण ग्रुपवर चार ओळीत सांगण्यासारखी ही गोष्टच नाही म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

नागपूरच्या लोकांना रामटेक म्हणजे काय हे सांगायला नको. कामठी, कन्हान, मनसर, आणि मनसरहून उजवीकडे वळलं की आलंच, पन्नासेक किलोमीटर. सकाळी गड, दुपारी डबा, संध्याकाळी खिंडसी तलावात बोटिंग, माकडांनी कोणाची तरी पिशवी पळवली की ट्रीप पूर्ण. यात काही वाईट नाही. पण वर रामाच्या देवळाकडे जाताना वाटेत दोन बुटकी, सपाट छपराची, दगडी देवळं लागतात, बाहेरून बघितलं तर एखादी जुनी कोठी वाटावी अशी, आणि शंभरातले नव्वद लोक तिथे थांबतच नाहीत. त्या टेकडीवरच्या उभ्या असलेल्या सगळ्यात जुन्या वास्तूंमध्ये ती दोन येतात! केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह. पाचव्या शतकातली, म्हणजे साधारण १६०० वर्षांपूर्वीची. वरचं रामाचं देऊळ आज जसं दिसतं ते बरंचसं यादवांच्या काळातलं आणि मग भोसल्यांच्या काळातलं, म्हणजे नरसिंहाच्या मानाने पुष्कळच अलीकडचं.

आत गेलात तर नरसिंह नीट बघा. आपल्या डोळ्यासमोर नरसिंह म्हटलं की हिरण्यकश्यपू मांडीवर घेतलेला, पोट फाडणारा असा येतो. हा तसा नाही. हा निवांत बसलेला आहे, एक गुडघा वर, हात दोनच, त्यातल्या एका हातात चक्र, एखादा राजा दरबारात आरामात बसावा तसा. मोठी भरीव मूर्ती, केसांची आयाळ, चेहऱ्यावर राग म्हणावा असा राग नाही. मला रामटेकवरची सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते, अगदी मनापासून सांगतो.

या केवल नरसिंहाच्या देवळात भिंतीवर एक शिलालेख आहे. १९८०च्या दशकात तो अभ्यासकांच्या नजरेत आला. बराच भाग गेलेला आहे, ओळींचे तुकडेच उरलेत, पण जे वाचता आलं त्यातून दिसलं की हे देऊळ प्रभावतीगुप्तेच्या मुलीने आपल्या आईच्या आठवणीत, आईच्या पुण्यासाठी बांधलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. राजाने विजयाच्या आनंदात बांधलेली देवळं पुष्कळ असतात, पण मुलीने आईसाठी बांधलेलं, आणि ते आपल्या नागपूरच्या शेजारी, आणि आपण त्याच्या पायरीवर बसून चिवडा खाऊन वर निघून जातो.

प्रभावतीगुप्ता कोण हे शाळेत एका ओळीत शिकवतात. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त, त्याची मुलगी. आई कुबेरनागा, नाग कुळातली. लग्न झालं विदर्भातल्या वाकाटकांच्या घरात, दुसऱ्या रुद्रसेनाशी. नवरा लवकर गेला, मुलं लहान, आणि मग या बाईने स्वतः राज्य चालवलं, वर्षानुवर्षं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे आपलं नगरधन, रामटेकहून अगदी जवळ, जिथे आज किल्ला आहे. तिच्या ताम्रपटांमध्ये ती नवऱ्याच्या घराण्याआधी बापाच्या गुप्त घराण्याची वंशावळ सांगते, गोत्रसुद्धा माहेरचं, धारण गोत्र, असं लावते. आणि स्वतःला भगवंताची अत्यंत भक्त म्हणवते. रिद्धपूरला सापडलेला तिचा ताम्रपट तर थेट रामगिरीस्वामीच्या पायापासून दिलेला आहे, म्हणजे दानपत्र निघालं ते या टेकडीवरच्या देवाच्या चरणांपाशी. रामगिरी म्हणजे रामटेक हे आपल्या नागपूरच्याच संशोधक वासुदेव विष्णु मिराशींनी फार आधी मांडलं, कालिदासाच्या मेघदूतातल्या यक्षाचा रामगिरीही हाच असं ते सांगायचे, आणि वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा मोठा ग्रंथ १९६३ मध्ये आला. नगरधनला २०१५ ते २०१८ मध्ये जे उत्खनन झालं त्यात प्रभावतीची मातीची मुद्रा सापडली, ब्राह्मी अक्षरं आणि शंख. एवढीशी मातीची गोळी, पण त्यावर तिचं नाव आहे.

आता गंमत बघा, म्हणजे मला ज्यावर बोलायचं आहे ते इथून सुरू होतं. आई विष्णूची भक्त, आणि तिचा मुलगा दुसरा प्रवरसेन शिवभक्त, स्वतःला परममाहेश्वर म्हणवणारा. आईचं दैवत रामगिरीवर, आणि मुलाने तिथून पाच-सात किलोमीटरवर मनसरला आपलं शिवाचं देऊळ उभं केलं, प्रवरेश्वर. मनसरला प्रवरेश्वराच्या नावाच्या मुद्रा सापडल्यात. आणि याच वाकाटकांची दुसरी पाती, वाशीमची, वत्सगुल्म शाखा, तिचा राजा हरिषेण, त्याचा मंत्री वराहदेव, त्याने अजिंठ्याची १६ नंबरची लेणी बौद्ध संघाला करून दिली. एकाच घराण्याच्या आसऱ्याने विष्णू, शिव आणि बुद्ध. मग वाकाटक कोणाचे? हा प्रश्न त्यांना विचारला असता तर त्यांना तो कळला तरी असता का, असं मला वाटतं.

मनसरची हिडिंबा टेकडी गाडीतून दिसते, पण तिथे उतरून जाणारे कमीच. १९७२ मध्ये तिथे मिळालेली शिवाची मूर्ती आज दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे, गोबऱ्या पोटाची, जटांचा थाट केलेली, फार देखणी. मग १९९०च्या दशकाच्या शेवटी बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्थेच्या पुढाकाराने जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा या अनुभवी पुरातत्त्वज्ञांनी मोठं उत्खनन केलं. विटांची प्रचंड बांधकामं निघाली, मूर्ती निघाल्या, आणि टेकडीच्या पोटात एका विटांच्या खोल जागेत माणसाची आकृती करून पुरलेली निघाली. उत्खनन करणाऱ्यांनी यातली काही बांधकामं स्तूप आणि विहार म्हणून वाचली. दुसऱ्या अभ्यासकांनी तेच बघून प्रवरसेनाचं देऊळ आणि राजवाडा म्हटलं, ती पुरलेली आकृती वैदिक यज्ञातल्या पुरुषाशी जोडली. हा वाद शास्त्राचा आहे आणि शास्त्रानेच पुढे जावा. मला त्रास होतो तो याचा, की एका बाजूचे लोक मनसरला जाऊन फक्त स्तूप बघतात आणि दुसऱ्या बाजूचे फक्त देऊळ, आणि विटा मात्र पावसात भिजून राहिल्या.

नागार्जुनाचं सांगायचं तर ती आठवण आपल्याकडे खोलवर आहे. तिबेटी परंपरेत बौद्ध आचार्य नागार्जुनांचा जन्म विदर्भातला सांगतात. रामटेकच्या बाजूला नागार्जुन टेकडी आहे, तिथे गुहा आहे, लोक जातात, वंदना होते. आणि १९५६ मध्ये, १४ ऑक्टोबरच्या दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांनी नागपुरात जे भाषण केलं, त्यात नागपूरच का निवडलं हे सांगताना ते नाग लोकांबद्दल बोलले, बौद्ध धम्म पसरवायला ज्यांनी मदत केली त्या नागांबद्दल, आपल्या नाग नदीबद्दल, आणि नागपूरपासून सत्तावीस मैलांवर नागार्जुनाची टेकडी आहे याचाही उल्लेख त्यांनी केला. म्हणजे लाखो माणसांनी ज्या दिवसात आपलं आयुष्य बदललं, त्या दिवसात या टेकड्यांचं नाव घेतलं गेलं. ज्यांना वाटतं की नागार्जुन टेकडी म्हणजे कोणीतरी काल काढलेलं खूळ, त्यांनी हे लक्षात ठेवावं. पुरावा किती आणि कोणत्या काळाचा यावर चर्चा करा, जरूर करा, पण त्या जागेवर माणसं हात जोडतात ते खोटं नाही.

वाकाटकांनंतर कितीतरी शतकं गेली, ती मी भरभर ओलांडतो, कारण थेट तेराव्या शतकात यावं लागतं. देवगिरीचे यादव. लक्ष्मणाच्या देवळाच्या भिंतीत रामदेवराय यादवाच्या काळातला शिलालेख आहे, त्यात या टेकडीवरची आणि आसपासची तीर्थं, कुंडं, देवळं यांची वर्णनं आहेत. त्याच शतकात महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी इथे आले, राहिले. त्यांच्या आठवणींच्या लीळाचरित्रात रामटेक आहे. गडाच्या खालच्या अंगाला भोगरामचं देऊळ महानुभावांचं, तेही मुळात वाकाटककाळातलं, दोन गाभाऱ्यांचं. तिथे स्वामींच्या स्थानाला नमस्कार करायला लांबलांबहून लोक येतात. विष्णूसाठी बांधलेली वास्तू, आठशे वर्षांनी तिथे स्वामींचं अवस्थान, म्हणजे मुक्काम, झालं, आणि मग तीच जागा एका वेगळ्या पंथाची पवित्र जागा झाली. दगड काही बदलले नाहीत. माझ्या आजीच्या शेजारी एक महानुभाव कुटुंब होतं, ते वर रामाला जायचे नाहीत, भोगरामला नमस्कार करून परत. आजी वर जायची, खाली मुक्काम त्यांच्याकडेच, चहा त्यांचाच. कोणी कोणाला समजावत बसलं नाही.

पण मी इथे एवढंच गोड गोड लिहून थांबलो तर खोटं होईल. कारण त्याच यादवकालीन शिलालेखात शंबूक आहे. शूद्र असून तप केलं म्हणून रामाने ज्याला मारलं तो शंबूक. लेखात म्हटलंय की रामाच्या चंद्रहास तलवारीने मारला गेलेला तो शूद्र मुनी मुरारीच्या, म्हणजे विष्णूच्या, पदाला पोचला आणि या डोंगरावर तो धूम्राक्ष म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे सातशे वर्षांपूर्वी रामटेकला हे लोक उघड सांगत होते, दगडावर कोरत होते, की तो वध इथे झाला. आजही टेकडीवर धूम्रेश्वर आहे. परंपरेत सांगतात की मरताना शंबूकाने वर मागितला, की रामाने कायम इथेच राहावं आणि माझीही पूजा व्हावी. गडावर येणाऱ्यांनी धूम्रेश्वराचं दर्शन घ्यावं असं जुने लोक सांगायचे.

मी यावर खूप विचार केलाय. मारणारा आणि मारला गेलेला, दोघांची पूजा एकाच टेकडीवर. कोणी म्हणेल की बघा किती मोठं मन. मला तसं नाही म्हणता येत. वर मागितला, पद मिळालं, हे सगळं नंतरच्यांनी घातलेलं मलम आहे, खाली जखम आहेच. तप करतो म्हणून माणसाला मारलं ही ती जखम, आणि पिढ्यान्‌पिढ्या जी माणसं देवळाच्या बाहेर उभी राहिली त्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण तरी एक आहे. टेकडीने त्याला पुसलं नाही. दुसऱ्या ठिकाणी शंबूक फक्त गोष्टीत आहे, इथे त्याला जागा आहे. रामटेकवर कोणी माझ्याबरोबर आलं तर मी धूम्रेश्वरापाशी नेतोच नेतो, कारण राम बघून परत गेलेला माणूस अर्धंच रामटेक बघून गेला.

आणि मशीद? इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्ये वर्णन आहे की गडाच्या वाटेवर एका बाजूला नरसिंहाची जुनी जागा आणि दुसऱ्या बाजूला एक साधी मशीद, औरंगजेबाच्या पदरच्या कोणा मोठ्या माणसाच्या आठवणीतली असं सांगतात. समोरासमोर. यावर ग्रुपवर लगेच दोन टोकाचे मेसेज येतील हे मला माहीत आहे, तरी लिहितोय. ज्याने लिहून ठेवलं त्याने भांडणाची काही नोंद केलेली नाही, वाटेवर जे दिसलं ते लिहिलं.

मग भोसले. पहिल्या रघूजी भोसल्यांनी अठराव्या शतकात गडाची डागडुजी केली, आजच्या रामाच्या मूर्ती सूर नदीत मिळाल्या असं सांगतात. वराह दरवाजा, सिंगपूर दरवाजा, भैरव दरवाजा, गोकुळ दरवाजा असे एकामागून एक दरवाजे ओलांडत आत जायचं, हा किल्ल्यासारखा थाट आहे. वराह दरवाज्यापाशी तो भलामोठा एका दगडातला वराह, तो मात्र वाकाटकांचा. त्याच्या पोटाखालून सरपटत जायचं, पापी माणूस अडकतो म्हणतात, आणि पोरं दरवेळी मुद्दाम जाड्या काकाला आधी पाठवतात.

भोसल्यांच्या काळाशीच जैनांची एक कथा जोडलेली आहे. भोसल्यांच्या पदरी एक जैन कारभारी होता, राजासोबत तो रामटेकला आला. राजा रामाचं दर्शन घेऊन जेवायला बसला आणि त्यालाही बस म्हणाला. तो म्हणाला, महाराज, तुमच्या देवाचं दर्शन तुमचं झालं, माझ्या देवाचं दर्शन झाल्याशिवाय मला अन्न चालत नाही. राजा रागावला नाही. त्याने माणसं पाठवली, की जवळपास कुठे जिनमूर्ती आहे का बघा. आणि झाडीत शांतिनाथाची मूर्ती सापडली. मग दर्शन झालं, मग जेवण. कथा म्हणून मला ही फार आवडते, कारण त्यात राजा कारभाऱ्याला उपाशी ठेवत नाही आणि आपला देव घे असंही म्हणत नाही. टेकडीच्या पायथ्याशी आज मोठं दिगंबर जैन क्षेत्र आहे, शांतिनाथाची उभी मूर्ती चांगली दोन पुरुष उंचीची. आचार्य विद्यासागर महाराजांचे इथे अनेक चातुर्मास झाले, तेव्हा रामटेकच्या रस्त्यांवर देशभरातल्या गाड्या दिसायच्या, आणि पानाच्या ठेल्यावरचा माणूससुद्धा महाराजांचं आजचं प्रवचन काय होतं ते सांगायचा.

तर ग्रुपवरच्या त्या प्रश्नाला माझं उत्तर काय, असं परवा आमच्या मामांनी फोन करून विचारलं. मी म्हटलं मामा, मुळात कोणाचं हे विचारताना आपण असं धरून चालतो की कोणीतरी एक जण आधी आला, त्याने कंपाउंड घातलं आणि बाकीचे घुसले. रामटेकला जे दगडावर आणि तांब्यावर लिहिलेलं मिळतं त्यात असं कंपाउंड दिसत नाही. तिथे आधीचं तसंच ठेवून शेजारी नवीन नाव लावलेलं दिसतं, कधी प्रेमाने, कधी जबरदस्तीने, कधी शंबूकासारखं रक्त सांडून. मामा म्हणाले म्हणजे सगळ्यांचं, असंच ना? मी म्हटलं तेवढं सोपं पण नाही. सगळ्यांचं म्हटलं की कोणीच काळजी घेत नाही. राम मंदिराला रंग लागतो, दिवे लागतात. नरसिंहाच्या भिंतीवरचा लेख, प्रभावतीच्या मुलीने कोरवलेला, त्याच्याकडे कोणाचा भक्तगण बघणार? मनसरच्या विटांवर कोणी दिवे लावायचे? ज्याच्यावर कोणा एकाचा हक्क ठरत नाही तेच आधी पडतं.

म्हणून एक विनंती आहे, या त्रिपुरीला जाणार असाल तर. गर्दीच्या दिवशी नरसिंह नीट दिसत नाही, शक्यतो एक-दोन दिवस आधी किंवा नंतर जा. सोबत बॅटरी ठेवा, आत अंधार असतो. भिंतीला हात लावू नका, चुना-शेंदूर-कुंकू काहीही लावू नका, दिवा लावायचा तर भिंतीपासून लांब, काजळी अक्षरांवर बसते. लहान मुलं असतील तर त्यांना सांगा की हे एका मुलीने आपल्या आईसाठी बांधलंय, त्यांना ते पटकन समजतं. मग धूम्रेश्वर, मग वर राम-लक्ष्मण. उतरताना भोगराम, खाली शांतिनाथ, जैन मंदिरात चामड्याचा पट्टा-पाकीट बाहेर ठेवावं लागतं हे आधीच लक्षात असू द्या. नागार्जुन टेकडीला वेगळा वेळ ठेवा, घाईत करू नका. परतताना मनसरला थांबा, अर्धा तास पुरतो. नगरधन त्याच दिवशी होत नाही, त्यासाठी दुसरा रविवार काढा.